पट्ट्यांचा नियम

नुसता खडखडाट ऐकून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगणारा फिटर, अशी दिग्रसच्या जिनिंग कारखान्यात मुख्तारची ख्याती. पण त्या वर्षी कपाशीवर लाल्या रोग पडला, कापूस कमी आला, निम्मी यंत्रं झाकून ठेवली गेली आणि मुख्तारला विचार करायला नको इतका वेळ मिळाला. विचार एकच, लेकीचा, नुजहतचा. पोरीचं शरीर तिच्याच लिव्हरवर उठलं होतं. यंत्र स्वतःलाच कसं खाईल? त्याचं डोकं चालेना.

यवतमाळच्या डॉक्टरांनी आधी दोन गोळ्या दिल्या, एक छोटी, एक मोठी. छोटीने पोरीचं तोंड सुजलं, मोठीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या. मग मोठी बंद करून तिच्या जागी त्यांनी तिसरीच लिहून दिली, मायकोफेनोलेट.

औषधवाल्याने भुवया उंचावल्या. "हे तर किडनी बदलेल लोकायले देतात, मुख्तारभाई!"

लिव्हरला किडनीची गोळी? मुख्तार पार गोंधळला. गोंधळला की तो कामावरचा नियम धरायचा. पुलीवरचा एक पट्टा तुटला तर सगळे बदलायचे. जुन्यांसोबत नवा चालवला तर सगळा ताण नव्यावर येतो. त्याने छोटी गोळीही बंद करून टाकली. तसाही त्या गोळीवर त्याचा दात होताच.

पाचव्या दिवशी नुजहतला उठवेना. उलट्या, चक्कर, हातपाय गार. किडनीची गोळीच नडली, असं पुटपुटत त्याने तिला यष्टीत घातलं.

"छोटी कोणी बंद केली?" डॉक्टरांनी सलाईन लावता लावता विचारलं.

मुख्तारने पट्ट्यांचा नियम सांगितला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "ती एकदम सोडली की शरीर कोसळतं. नवीला जोर धरायला महिने लागतात, तोवर ओझं छोटीनेच ओढायचं. पहिलं औषध सोसलं नाही तर लिव्हरलाही हीच गोळी देतात."

म्हणजे इथे नियम उलटा! त्याला अर्धंच कळलं, पण घाम फुटला.

सकाळी नुजहतने डोळे उघडले.

"बेटा, नवी गोळी दिली तवाच डॉक्टरनं सांगतलं होतं म्हणे, छोटी सोडू नका. तू आयकलं नव्हतं का?"

"आयकलं होतं, अब्बा."

"मंग बोलली काहून नाही?"

"मले वाटलं, मीच चुकीचं आयकलं. तुमी लावलेली मशीन बंद पडलेली मी कधी पाह्यलीच नाही."

मुख्तारच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्याने छोटी गोळी तळहातावर घेतली. मग त्याने नुजहतलाच विचारलं, "हेच ना, बेटा?"