कोकिळाबाईच्या दाराला कुलूप

कोकिळाबाईचा पारा चढला होता अन् तो चढू द्यायचा नव्हता, हीच तर पंचाईत!

गेल्या साली सेलूच्या नेत्रशिबिरातून तिला मोतीबिंदूसकट परत पाठवलं होतं. ब्लडप्रेशर वाढलेलं असताना डोळ्याला हात लावत नाही, म्हणाले डॉक्टर. वर्षभर बाई घरात चाचपडली, चुलीपाशी बोटं पोळून घेतली. आता परवा पुन्हा शिबिर होतं. मीठ कमी करा, आराम करा, डोकं शांत ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलेलं. शांत! अन् ते हिंगणीसारख्या गावात!

ऑपरेशन म्हटलं की आधी भेटून यायचं, ही गावची रीत. सकाळपासून माणसांची रीघ लागली. शेजारची शकुबाई बिस्किटाचा पुडा घेऊन खाटेवर ऐसपैस बसली.

"काई फिकर करू नको वो माय. माह्या मामीचा डोळा असाच गेलता."

लगेच ओसरीतून नवऱ्याचा, नानाजीचा, हुकूम. "अवं, चहा मांड!"

आता सांगा, आरामाचा सल्ला द्यायला आलेल्यांचा चहा कोणी करायचा? जिला आराम सांगितला तिनंच! दिवस मावळेपर्यंत सतरा कप झाले.

दुसऱ्या दिवशी बाईनं नवऱ्याला निक्षून सांगितलं, "बाहेरून कुलूप लावा, किल्ली खिशात ठेवा अन् सांजेपर्यंत इकडं फिरकू नका."

नानाजीनं तसं केलं. लोक येत, कुलूप हलवून बघत अन् परत जात. बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कोणी काही मागत नव्हतं. दुपारी बाईचा चक्क डोळा लागला.

चार वाजता कुलूप खडखडलं. "या, या पुंडलिकराव! घरातच हाये ना! मीच कुलूप लावून गेलतो," नानाजी मोठ्या कौतुकानं सांगत होता. मागं आणखी चौघं. "अवं, चहा मांड!"

बाईचा नुसता तिळपापड झाला. दूध उतू गेलं, अन् तिला रडूच कोसळलं.

शिबिरात नानाजी तिला खेटूनच उभा. "घाबरू नको म्हणलं ना! श्वास घे! असा नाई, जोरात!"

डॉक्टरांनी दंडाचा पट्टा सोडला. "एकशे नव्वद. बाई, यंदाही जमायचं नाही."

कोकिळाबाईनं त्यांचं मनगटच धरलं. "साहेब, यायले बाहेर पाठवा. मंग मोजा."

"मी काय केलं?" नानाजी भडकला.

डॉक्टरांनी त्याला दार दाखवलं. बाई अर्धा तास आतल्या खोलीत बाकावर पडून राहिली. कोणी चहा मागितला नाही. डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला, खात्रीसाठी आणखी एकदा बांधला.

"एकशे पन्नास. चला, घेऊ तुम्हाला."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "अवं, झालं काय? पुंडलिकराव भेटाले आले!"

बाई ताडकन उठून बसली.

"साहेब, दाराले कुलूप लावा," ती म्हणाली. "अन् किल्ली यायच्या हाती देऊ नका."