तळं राखाडी असताना

आई गेल्यावर ऑस्ट्रेलियातल्या माउंट गॅम्बियरमधलं तिचं मोटेल मीच सांभाळत होते. जुलैच्या थंडीत नोरीन नावाची एक म्हातारी एकटीच गाडी चालवत आली.

"इथं थांबण्यासारखं आहे काही, की सरळ अ‍ॅडलेड गाठू?"

"निळ्या तळ्यासाठी आला असाल तर जा. ते दर नोव्हेंबरात निळं होतं, आत्ता राखाडी आहे."

"अशानं धंदा बुडेल बाई तुझा," ती हसली. "बरं, तू स्वतः आज संध्याकाळी कुठं गेली असतीस?"

मला खोटं बोलवेना. गावात जमीन खचून झालेल्या खोल बागेत दिवेलागणीला मांजराएवढे पोसम नावाचे प्राणी कड्यावरून खाली उतरतात. आई रोज त्यांच्यासाठी सफरचंदाच्या फोडी न्यायची. ती गेल्यापासून मी तिकडं फिरकले नव्हते.

मी एक सफरचंद चिरलं, फोडी नोरीनपुढं ठेवल्या आणि रस्ता सांगितला.

"अनोळखी जनावरांत मी एकटी? छे. मी थांबायचं तर तुला सोबत यावं लागेल."

"मोटेल कोण बघणार?"

"या थंडीत माझ्याशिवाय कोण वेडं येतंय तुझ्याकडे?"

मी आईचा कोट अंगात घातला आणि दाराला कुलूप लावलं.