चेअरमनसाहेबांचं फाटक

आमच्या वसाहतीचं नाव तुलिवू, म्हणजे शांत. नैरोबीपासून एवढ्या लांब आणि एवढ्या उंच भिंतीआड राहायचं म्हटल्यावर शांतता तर हवीच ना! इतकी वर्षं झाली, शेजारणीचं नाव मला अजून माहीत नाही. तिच्या कुत्र्याचं माहीत आहे, कारण त्याला ती हाका मारते.

वसाहतीचे चेअरमन आमचे हे, गिचेरू. न्येरीच्या डोंगरात बकऱ्यांमागे धावण्यात यांचं बालपण गेलं, पण आता बकरी म्हटलं की नाकाला रुमाल. नियम सगळे यांच्याच डोक्यातून आलेले. पाहुण्यांच्या गाड्या दोनच. कुत्र्या-मांजरांखेरीज जनावर नको. उघड्यावर गाणं नको. गेल्या वर्षी समोरच्या मुथींची आई गेली, तेव्हा प्रार्थना गायला आलेल्या माणसांना यांनी फाटकावरूनच परत पाठवलं. नियम म्हणजे नियम, म्हणे. तेव्हापासून मुथी आमच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

आणि मग आमच्या मुलीचं, मुगुरेचं लग्न ठरलं. मुलगा थायरू, शाळामास्तर. बाप लहानपणीच गेला, थोरल्या काकांनी, न्दिरांगूंनी वाढवलेला. देण्याघेण्याची बोलणी करायला मुलाकडची मंडळी शनिवारी आमच्याकडे यायची होती. आमच्यात मुलाकडचे मुलीसाठी बकऱ्या देतात; हल्ली त्यांच्या ऐवजी फोनवरून पैसे येतात, बकऱ्या नुसत्या बोलण्यापुरत्या. मी म्हटलं, "अहो, काका जुन्या वळणाचे आहेत, एकदा विचारून तरी घ्या."

"तू गप गं! आजकाल कोण आणतंय बकऱ्या?"

काकांनी आणल्या. पिकअपभर. शिवाय दोन मटाटू गाड्या खच्चून भरून माणसं.

आमच्यात मुलीकडच्या बायका दार अडवतात, मुलाकडच्या गाऊन विनवण्या करतात, थोडी थट्टा, थोडी घासाघीस, आणि मग दार उघडतं. त्यासाठी माझ्या दोघी बहिणी घराच्या दाराशी नटूनथटून उभ्या होत्या. तेवढ्यात मोठ्या फाटकावरच्या रखवालदाराचा, सिमियूचा फोन आला.

"मॅडम, बाहेर बकऱ्या घेऊन लोक आलेत. बकऱ्या कुठल्या घर नंबरला ते विचारलं आणि म्हटलं आत सोडता येणार नाही, तर ते नाचायलाच लागले!"

त्या बिचाऱ्यांना वाटलं होतं की हे रीतीतलंच अडवणं आहे. अडवणं खरं आहे हे काकांना कळलं असतं, तर म्हातारा तिथल्या तिथे गाड्या वळवून गेला असता, आणि एकदा दारातून परत गेलेली माणसं पुन्हा त्या दारात येत नाहीत.

मुगुरे आतल्या खोलीत नवा पोशाख घालून बसली होती. तिनं सगळं ऐकलं. "आई, काका परत गेले तर थायरू त्यांना डावलून नाही यायचा," एवढंच म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. मला रडूच आलं, पण रडायला वेळ कुठे होता!

मी यांना म्हटलं, "फोन करा आणि उघडायला सांगा."

"कसं सांगू? मुथी समोर दारातच बसलाय. उद्या म्हणेल, माझ्या आईच्या वेळी..."

"म्हणू दे की! खोटं आहे का ते?"

"त्यापेक्षा तूच सांग त्यांना, बकऱ्या बाहेर ठेवा, गाड्या दोनच..."

"तुम्हीच सांगा जाऊन. आणि येताना पोरीलाही सांगा, तुझं लग्न जनावरांच्या नियमात बसलं नाही म्हणून!"

मी उंच टाचांच्या चपला भिरकावल्या आणि बहिणींना घेऊन धावत सुटले.

फाटकावर नुसता दंगा. गजांपलीकडे बायका घामाघूम होऊन नाचतायत, पिकअपमध्ये बकऱ्या बोंबलतायत, काका काठी टेकून सगळ्यांच्या पुढे उभे. एक जाडजूड मावशी गात होती, लांबून आलो, पाय दुखले, दार उघडा गं बायांनो! आम्ही गजांच्या अलीकडून गळा काढला, आमची पोर राणी, फुकट नाही दिसायची! मावशी तर खूशच झाली.

"अगं बया, रखवालदारसुद्धा गणवेशातला ठेवलाय! असं अडवणं जन्मात पाहिलं नाही बाई!"

तिनं सिमियूच्या हातात नोट कोंबली. त्यानं घाबरून परत केली. तिला वाटलं कमी पडली. तिनं दोन दिल्या. त्यानं दोन्ही परत केल्या. "पक्का आहे हो मेला!" म्हणून सगळ्या दुप्पट जोरानं नाचायला लागल्या. माझा घसा बसला होता, तरी मी गात होते. थांबले असते तर सगळंच उघडं पडलं असतं.

एव्हाना प्रत्येक गॅलरीत माणूस उभा होता. आमच्या वसाहतीत इतकी माणसं राहतात हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी हे आले. सुटाबुटात, घामानं थबथबलेले. मुथीही फाटकाशी येऊन हाताची घडी घालून उभे होते. ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि तिथेच थबकले.

"उघडा, चेअरमनसाहेब," मुथी म्हणाले. "आईच्या वेळी माणसं आली होती ना, ती अजून माझ्याकडे यायला तयार नाहीत."

ह्यांनी खाली मान घातली आणि सिमियूला हात केला. फाटक उघडलं. बकऱ्या यांच्या लाडक्या हिरवळीवर सुटल्या.

मग बोलणी झाली, मुगुरेनं सगळ्यांसमोर होकार दिला, मटण रटरटलं. मी काकांना मुरातिनाची दारू ओतून द्यायला गेले आणि मानभावीपणानं म्हटलं, "फार वेळ उभं केलं हो आमच्या बायकांनी तुम्हाला. रीतच आहे, काय करणार!"

म्हातारा हसला. हळूच म्हणाला, "विहीणबाई, रीतीनं अडवणारा माणूस बकऱ्यांना घर नंबर विचारत नाही."

मी भांडं खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. मीच आमच्या बायकांना म्हटलं, गा गं. रागावून गेलो असतो तर पोरांचं काय झालं असतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आपली समजत होते की लाज मीच राखली.

तेवढ्यात हे हसत हसत आले, खुर्ची ओढून बसले आणि हात फिरवून भिंती, झाडं, रस्ते दाखवत म्हणाले, "मग काका, कशी वाटली आमची जागा?"

"छान आहे," काका म्हणाले. "शांत. कुणी येतच नसेल तुमच्याकडे."

"अगदी बरोबर!" हे म्हणाले, आणि केवढे खूश झाले.