रिकाम्या वाफ्यातलं कंदीलपुष्प

आषाढ सरला आणि डोंगरपायथ्याच्या त्या उद्यानात हिरवाईला उधाण आलं. धुक्यातून गाळून उतरणारं जलसिक्त, कोवळं ऊन कळलावीच्या अग्निवर्ण पाकळ्यांवर थबके, तेरड्याच्या गुलाबी गर्दीत हरवे. सह्याद्रीत आपसूक उगवणारं सारं इथे नावाची पाटी लावून उगवत होतं आणि माणसं ते शिकायला येत होती.

एकच वाफा रिकामा. काळी, ओलेती, निःशब्द माती. पाटीवर अक्षरं: 'कंदीलपुष्प. उकरून पाहू नये.'

अक्षरं भिकाजीअण्णांची. पूर्वी वनरक्षक, आता इथले माहितगार. ज्या कड्यावरून त्यांनी तो सुपारीएवढा कंद आणला, तो कडा पुढे खडीच्या खाणीने गिळला. त्या कड्याचं आता एवढंच शिल्लक होतं, मातीआड.

"आत खरंच काही आहे?" पाहुणे विचारत.

"आहे. पण वाट बघायची," अण्णा ऐटीत सांगत.

पाहुणे पांगले, की सांज केशरी होई, आणि अण्णांच्या मनात तोच प्रश्न जागा होई. आहे ना? जिवंत आहे ना? आणि एक बोट, फक्त एक बोट, हळूच मातीत शिरे. काल शिरलं, आज शिरलं. आणि आज मातीत काहीतरी टचकन मोडलं.

बोटाच्या टोकावर शुभ्र, सुकुमार, उजेड न पाहिलेला कोंब.

त्यांची सून कुमुद झाडांना आधाराच्या काठ्या लावत होती. ती जवळ आली. "अण्णा, नखांत माती कसली?"

त्यांनी मूठ उघडली. "मोडला गं. माझ्याच हातानं."

कुमुदला राग आला, आणि त्या उघड्या मुठीतल्या कोंबाकडे पाहून रडूही आलं. तिने पदराने त्यांचं बोट पुसलं. मग करवंदीच्या काटेरी फांद्या आणून वाफ्याभोवती रोवल्या. "आजपासून तुम्हीपण पाहुणे," ती म्हणाली.

अण्णा पाहुणे झाले. हात पाठीमागे बांधून काट्यांपलीकडे उभे राहू लागले. श्रावण असाच गेला. कंद कुजला असेल का, हे विचारायचं धाडस दोघांनाही होईना.

भाद्रपदात मातीला बारीकशी भेग पडली. कंदाच्या दुसऱ्या कुशीतून कोंब निघाला, कुमुदने शेजारी रोवलेल्या काठीला बिलगत वर चढला आणि एका सकाळी फुलला. तळाशी फुगीर, कंठाशी निमुळतं, माथ्यावर पाकळ्यांची टोकं जुळलेलं, जांभळ्या ठिपक्यांचं फूल.

एक चिमुकली माशी आली. घुटमळली, वाकली, आत उतरली. फुलाच्या नळीतले बारीक केस खाली झुकलेले, परतीची वाट बंद.

"अडकली," कुमुद म्हणाली.

"बघायला गेली असेल, आत काय आहे ते," अण्णा पुटपुटले आणि कित्येक दिवसांनी हसले.

दुसऱ्या दिवशी फूल मलूल झालं, केस सुकले, वाट मोकळी झाली. सोंडेला चिकटलेले पिवळे परागकण घेऊन माशी बाहेर आली आणि शेजारच्या पाटीवर, 'उकरून पाहू नये' या अक्षरांवर, क्षणभर उन्हात बसली.