भिंतीवरच्या दोन काचा

मित्रांनो, मांजरसुंब्याकडून येणारा रस्ता आमच्या गावाशी वळतो. त्या वळणावर काळ्या दगडाची, पुढे पत्र्याची पडवी असलेली एक बैठी इमारत दिसते. ती मी. मी एक जुना गुरांचा दवाखाना आहे. माझ्या कपाळावरची पाटी पुसट झाल्यामुळे अनोळखी माणसे मला गोदाम समजतात. गुरे मात्र चुकत नाहीत. औषधाचा वास आला की ती फाटकातच पाय रोवून उभी राहतात.

माझ्या पुढच्या दोन खोल्यांचा दगड इथल्याच माळावरच्या खाणीतला. पाया खणताना गवंडी मुरूम लागेपर्यंत थांबले नाहीत. अंगणात त्यांनी बैल अडकवायचा लाकडी खोडा रोवला. काही वर्षांनी मागच्या अंगाला विटांची तिसरी खोली जोडली गेली, पण घाईघाईत. तिचा पाया पावसात फुगणाऱ्या काळ्या मातीतच राहिला. तेव्हा कोणाच्या ते लक्षात आले नाही.

मी खूप काम केले. लाळ्या-खुरकुताच्या साथीत रस्त्यापर्यंत जनावरांची रांग लागे. लंपीच्या वेळी तर डॉक्टरांना जेवायलाही उसंत नव्हती. माझा परिचर आश्रुबा फोडांवर औषध लावता लावता गुरांशी माणसांसारखा बोलत असे. लोक जाताना म्हणत, "दवाखाना हाय म्हणून दावणीला जनावर हाय." ते ऐकून मला बरे वाटे.

पुढे माझे छत गळू लागले आणि माझी खरी अडचण समोर आली. माझी जमीन एका खात्याची, भिंती दुसऱ्या खात्याने बांधलेल्या आणि आतले काम तिसऱ्या खात्याचे. तिघांच्या वह्या वेगळ्या. एकीत मी दोन खोल्यांचा होतो, दुसरीत तीन, आणि तिसरीत मी नव्हतोच. तिथे नुसते लिहिले होते, 'पडीक जागा'. आश्रुबा अर्ज घेऊन जाई आणि प्रत्येक ठिकाणाहून त्याला पुढच्या दारी पाठवत. तो निवृत्त झाला, तरी अर्ज फिरतच राहिला. पाणी भिंतीत मुरले. मागच्या खोलीत एक चीर पडली, आणि तशीच एक पुढच्या खोलीतही दिसू लागली.

रस्ता रुंद झाल्यावर माझ्या जागेला भाव आला. गावचे पुढारी विजयसिंह यांच्या मनात इथे दुकानांचे गाळे काढायचे होते. ते म्हणत, "ही जागा कुणाचीच न्हाई. पोरांना धंदा तरी करू द्या." इमारत धोकादायक असल्याचा एका कार्यालयाचा कागद त्यांनी आणला होता. गाळ्यांचा आराखडाही तयार होता. त्यात मी कुठेच नव्हतो.

त्याच सुमारास नवा नियम आला. सरकारी मालकीची जागा कोणत्याही खात्याची असो, ती आता एकाच नमुन्याच्या तक्त्यात नोंदवायची, एकाच मापाने मोजायची आणि एकाच रीतीने तपासायची. तो तक्ता पुरा होईपर्यंत काही पाडायचे नाही. हे काम घेऊन दिपाली नावाची तरुण अभियंता माझ्याकडे आली. तिने टेप लावून मला कोपऱ्यान् कोपऱ्यातून मोजले. मग दोन्ही चिरांवर तिने काचेची एकेक अरुंद पट्टी आडवी ठेवली आणि टोके सिमेंटने पक्की केली.

"भिंत हलत असेल तर काच तडकेल," ती म्हणाली. "पंधरा दिवस बघायचं."

"पंधरा दिवस कशाला?" विजयसिंह म्हणाले. "पडायला आलीय असा कागद हाय की माझ्याकडं."

"आहे ना. आणि इमारत ठणठणीत असल्याचा दुसऱ्या कार्यालयाचा कागद माझ्याकडं आहे. दोघांपैकी कुणीच इथं येऊन बघितलेलं नाही."

मित्रांनो, ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझे मलाच ठाऊक. रस्त्याने उसाचा ट्रॅक्टर गेला की मी अंग आवळून धरी. बाराव्या दिवशी भर दुपारी मागच्या खोलीत 'टक्' असा बारीक आवाज झाला. काच मधोमध तडकली होती.

निवृत्त झाला तरी आश्रुबाची रोजची फेरी चुकत नसे; थोड्याच वेळाने तो आला. त्याने काच पाहिली. मग माझ्याच फुटक्या खिडकीतून काचेची एक पट्टी काढून त्याने तडकलेल्या काचेचे सिमेंट खरवडायला घेतले. मी मनातल्या मनात म्हणत होतो, लवकर कर, आश्रुबा, लवकर कर.

तेवढ्यात शेळ्या राखणारी ताराबाई आली आणि तिची शेरडं मागच्या भिंतीशी बांधून आत डोकावली.

"काय करायलाव, आश्रुबाभाऊ?"

"काच बदलायलोय. मॅडमनं ही बघितली तर दवाखाना गेला म्हणून समज."

ताराबाईने भिंतीवरून हात फिरवला. "म्हंजे भीत हलायलीय?"

"जरा."

"अन् मी शेरडं काहून बांधायची मग हिच्या सावलीला? तीन वर्सं झाली, हितंच बांधते. भाऊ, काच बदलली म्हंजे भीत थांबंल का?"

आश्रुबाचा हात तिथेच थबकला. मग त्याने पट्टी खिशात घातली, शेरडांची दावी स्वतः सोडली आणि ती लांब लिंबाखाली नेऊन बांधली. मला आश्रुबाचा राग आला होता. आज त्या रागाची लाज वाटते.

पंधराव्या दिवशी विजयसिंहांनी मागवलेला जेसीबी फाटकात येऊन उभा राहिला. सगळा गाव जमला. दिपालीने मागची काच पाहिली आणि तक्त्यात लिहिले. कोणी विचारले नाही, पण सगळ्यांना कळले. मग ती पुढच्या खोलीत आली. त्या काचेवरही एक आडवी रेघ दिसत होती. आश्रुबाने डोळे मिटून घेतले. दिपालीने ओढणीच्या टोकाने काच पुसली आणि रेघ निघून गेली. तो कोळिष्टकाचा धागा होता.

"मागची खोली धोक्याची. पुढच्या दोन पक्क्या," ती म्हणाली.

"एक धोक्याची म्हंजे सगळाच दवाखाना धोक्याचा!" विजयसिंहांचा आवाज चढला.

"तक्ता खोलीगणिक भरायचा आहे, साहेब. हाच तक्ता पुढच्या आठवड्यात तुमच्या वडिलांच्या नावाच्या सभागृहालाही लागेल. जागा सरकारी आहे. तिथं एका खांबाला तडा आहे. म्हणून सगळं सभागृह पाडा असं लिहू?"

विजयसिंह हळूच म्हणाले, "तिथंबी काच लावणार?"

"लावणार."

"मंग नीट लावा. लई माणसं बसतात तिथं."

त्या दुपारी माझी मागची खोली पाडली. घाव बसत होते तेव्हा पुढच्या भिंतींतून माती झरत होती. दुखले, खोटे कशाला सांगू? पण काळ्या मातीतला तो उथळ पाया उघडा पडल्यावर ताराबाईने कानाला हात लावले, आणि मी समजायचे ते समजलो.

आता तिन्ही खात्यांत माझी एकच नोंद आहे, एकच क्रमांक आहे. माझे छत कोणी नीट करायचे आणि दरवर्षी मला कोणी तपासायचे, हे त्यात नावानिशी लिहिले आहे. मी दोनच खोल्यांचा उरलो, पण आता कोरडा आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावात शाळा असेल, चावडी असेल, माझ्यासारखा एखादा दवाखाना असेल. तिथे काही मोडलेले दिसले तर 'सरकारी आहे, आपल्याला काय' म्हणून पुढे जाऊ नका. मोठ्या माणसांना सांगा. त्यांनी ते लिहून घेतले का, हेही विचारा, आणि आपल्या आवडत्या भिंतीला वेगळे माप लावू नका. भिंत कोणाची हे ठरेपर्यंत माणसे थांबतात. भिंत थांबत नाही.