दर्शनी भाव

पहिला फटका दुकानाबाहेरच्या फळ्यावर बसला आणि दुसरा श्रेणिकच्या हातावर. हाड मोडल्याचा आवाज चंदनबालेला गल्ल्यामागे बसल्या जागी ऐकू आला.

"भाव लिवतुयास व्हय रं? गावाला दाखवतुयास?" दादासो ओरडला. चौकातलं मोठं किराणा दुकान त्याचं. त्याच्याबरोबर आलेल्या दोघांनी तोवर श्रेणिकला, तिच्या नवऱ्याला, कॉलरला धरून पायरीवरून खाली ओढलं होतं.

सांगलीचा रस्ता पुराच्या पाण्याखाली गेल्यापासून पलूसमध्ये माल येणं बंद झालं होतं. नदीकाठची गावं उठून इथल्या शाळांत येऊन राहिली होती. दादासोनं आपला भावफलक उतरवला आणि माणूस बघून भाव सांगायला सुरुवात केली. तूरडाळ कुणाला दीडशे रुपये किलो, कुणाला पावणेदोनशे. बाकीच्या दुकानदारांनीही फळे आत घेतले. तहसील कचेरीतला माणूस दारोदार सांगून गेला की साठा आणि भाव दर्शनी भागात लिहिणं कायद्यानं भाग आहे. श्रेणिक म्हणाला होता, "आपणबी आत घेऊया. वैर कशाला?" पण चंदनबालेनं फळा पुसून स्वतःच्या हातानं लिहिलं, तूरडाळ शंभर. माल पुराआधी भरलेला, मग भाव पुराआधीचाच. दुपारपर्यंत चौकातली रांग त्यांच्या दारात आली.

त्याच रांगेसमोर श्रेणिक आता चिखलात पडला होता. एकानं त्याच्या छातीवर गुडघा रोवला होता, दुसरा लाथा घालत होता. पोटात, बरगड्यांत, मग तोंडावर. श्रेणिकच्या ओठांतून रक्ताची लाळ लोंबत होती. दादासो हातातल्या गजानं फळ्याच्या चिरफळ्या उडवत होता.

चंदनबाला धावत बाहेर आली आणि तिनं गजच धरला. दादासोनं तिला हिसडा दिला. ती चौकटीवर आपटली, भुवई फुटली, एक डोळा रक्तानं भरला. तरी तिनं गज सोडला नाही. त्याचं मनगट हाताशी आलं तेव्हा ती कडकडून चावली. चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या तिच्या तोंडात माणसाच्या रक्ताची चव उतरली. दादासोनं मोकळ्या हातानं तिच्या कानाखाली ठेवून दिली.

"आवं, धरा की कुणीतरी ह्यांना!" ती रांगेकडं बघून किंचाळली.

रांग हलली नाही. शेजारच्या गल्लीतला नानासो सगळ्यात पुढं उभा होता. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. तो हातातल्या पिशवीची घडी घालत राहिला.

मारून दमल्यावर ते तिघं निघून गेले. चंदनबाला नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा मागून कुणीतरी हळूच विचारलं, "आता डाळ मिळंल का न्हाई?"

पोलीस आले. त्यांनी विचारल्यावर नानासो म्हणाला, "आमी आत्ताच आलोय, सायेब." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रेणिक दवाखान्यात होता. हाताला प्लास्टर, जबडा बांधलेला. भुवईला टाके घेऊन चंदनबालेनं दुकान उघडलं. खोक्याची फळी उपटून दाराला ठोकली आणि खडूनं ठळक लिहिलं, तूरडाळ दीडशे. कायद्याला भाव लिहिलेला हवा होता. किती, ते आता ती ठरवणार होती.

रांग पुन्हा लागली. लोक फळी वाचत, एकमेकांकडं बघत आणि गुमान पैसे काढत. कुणी हुज्जत घातली नाही.

नानासोच्या पुढं एक म्हातारी होती. राहीबाई, नदीकाठच्या गावातून उठून शाळेत राहायला आलेली. ती पायरीवर टेकली.

"दमले बाई. पोलीस ठाण्यातनं चालत आले."

"तिथं कशाला?"

"काल मी रांगंत मागं हुते. तवा तोंड उघडलं न्हाई, लय भ्याले. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. सकाळी जाऊन दादासोचं नाव सांगितलं. अंगठा देऊन आले."

चंदनबालेच्या हातातला तराजू हलायचा थांबला.

"त्यानं तुमालाबी मारलं म्हंजे?"

"माझं काय मारतोय? घर तर पाण्यातच हाय." राहीबाईनं पदराची गाठ सोडली. "अर्धा किलो डाळ दे. भाव काय लिवलाईस ते सांग, मला वाचता येत न्हाई."

चंदनबालेनं फळीकडं पाहिलं नाही.

"शंभर," ती म्हणाली.

तिनं डाळ तोलली, वर आणखी एक मूठ टाकली आणि म्हातारीला हात देऊन पायरीवरून उतरवलं. राहीबाई चिखलातून शाळेच्या दिशेनं गेली.

नानासो पुढं सरकला. त्यानं सगळं ऐकलं होतं. पिशवी पुढं करत, आवाज खाली आणत त्यानं विचारलं,

"वैनी, मलाबी त्योच भाव का?"

चंदनबालेनं मापटं पोत्यात खुपसलं.

"तुमाला वाचता येतंय की, नानासो."