वाडग्याचा चौथा तुकडा

माझा मोठा भाऊ वर्षाचे नऊ महिने धर्मशास्त्राच्या कॉलेजात जुना करार शिकवायचा, रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचा आणि सुट्टी लागली की बायबलमधल्या एका गाडल्या गेलेल्या शहराच्या टेकाडावर जाऊन खणायचा. विद्यार्थी पाठीमागे त्याला ‘खापरमामा’ म्हणत. त्याला ते ठाऊक होतं. “मामा म्हणतात ना? म्हणजे घरचाच धरतात,” असं म्हणून तो हसायचा.

सहा हंगाम मीही त्याच्याबरोबर गेले. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, लग्न केलं नव्हतं, आणि खापराचं चित्र काढायला जी चिकाटी लागते ती माझ्याकडे होती. दादा मला ‘पेन्सिल’ म्हणायचा. वहिनी आम्हाला निरोप द्यायला दारात यायची आणि म्हणायची, “जा, आणा फुटकी भांडी! इथे माझ्या हातून एक कपबशी फुटली तर बहीणभावाची तोंडं वाकडी होतात.”

काम सोपं होतं, पण त्यात हयगय चालत नसे. खड्ड्यातून निघालेली खापरं टोपलीत पडत. प्रत्येक टोपलीला चिठ्ठी बांधलेली असे: कुठला खड्डा, कुठला थर, कुठली तारीख. मग खापरं घमेल्यात भिजत घालायची, चिठ्ठी घमेल्याच्या कडीला अडकवायची. घासून, सुकवून झाली की प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला शाईने बारीक आकडा घालायचा. हे मी करत असे. काठाचा तुकडा निघाला की सगळे खूश, कारण भांड्याच्या पोटावरून फारसं काही कळत नाही. काठाच्या वळणावरून मात्र भांडं कुठल्या शतकातलं ते दादा डोळे मिटून, नुसता अंगठा फिरवून सांगायचा.

त्याला एकाच गोष्टीचा ध्यास होता. ते शहर एका सैन्याने वेढा घालून जाळलं, असं पवित्र शास्त्रात लिहिलंय. खणताना राखेचा थर लागलाही होता. पण राख ती राख. ती कुठल्या आगीची, हे राखेखालच्या जमिनीवर त्या काळाचं एखादं भांडं मिळाल्याशिवाय कोण सांगणार?

पाचव्या हंगामात तिसऱ्या खोलीत ती जमीन उघडी पडली. दादा नेमका तेव्हाच तापाने तंबूत पडला होता. मी वही घेऊन खड्ड्याशी बसले. दुपारी, दोन खड्ड्यांच्या मधोमध मुद्दाम सोडलेली मातीची भिंत ढासळली आणि खोलीत आली. अशी माती आम्हाला कुचकामाची, कारण तिच्यात वरचे सगळे थर कालवलेले असतात. मजुरांच्या मुकादमाने ती वेगळ्या टोपल्यांत भरली. संध्याकाळी वारा सुटला आणि घमेल्यांच्या चिठ्ठ्या उडाल्या. मी त्या शोधून आणल्या आणि आठवणीवरून परत अडकवल्या.

दुसऱ्या दिवशी दादा कांबळं पांघरून खापरांच्या टेबलाशी आला. जमिनीच्या चिठ्ठीखाली तीन तुकडे होते, एकमेकांत बसणारे, काठासकट. अर्ध्याहून जास्त वाडगा. त्याने काठावरून अंगठा फिरवला.

“पेन्सिल,” तो म्हणाला, “हाच. अगदी हाच काळ.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वही उघडून पडताळून पाहायला हवी होती. उघडली नाही.

त्या वाडग्यावर त्याचं पुस्तक उभं राहिलं. चौथं प्रकरण सगळं वाडग्याचंच, आणि माझ्या चित्राला अख्खं पान. पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. गावोगावच्या चर्चचे पाळक व्यासपीठावरून त्या वाडग्याबद्दल बोलू लागले. दादा स्वतः मात्र उपदेशात त्याचं नाव काढत नसे. म्हणायचा, “देवाच्या घरात माझी भांडीकुंडी कशाला?”

एकतीस वर्षं गेली. कॉलेजच्या शताब्दीला चौथी आवृत्ती काढायचं ठरलं. छापखान्यातले जुने ठसे झिजले होते, म्हणून चित्रं नव्याने काढायला मी कॉलेजच्या तळघरात बसू लागले. दादा तेव्हा चौऱ्याहत्तरचा होता, मी सदुसष्टची. वेळ भरपूर होता. वाडग्याचा उरलेला भाग कुठे असेल, या निव्वळ रिकामटेकड्या कुतूहलाने मी खोकी उघडत गेले. ‘ढासळलेली भिंत’ असं लिहिलेलं खोकं तोवर कुणीच उघडलं नव्हतं.

चौथा तुकडा त्यात होता. वाडग्याला लावला तर असा बसला की फटीत केसही जाऊ नये.

घरी येऊन मी त्या दिवसाची वही काढली. माझंच अक्षर: ‘तिसरी खोली, जमीन. अकरा तुकडे, सगळे पोटाचे. काठ एकही नाही.’ वेळ सकाळची, भिंत पडण्याआधीची.

म्हणजे उडालेल्या चिठ्ठ्या मी चुकीच्या घमेल्यांना अडकवल्या होत्या; वाडगा जमिनीवरचा नव्हताच. तो वरच्या थरातून मातीबरोबर खाली आला होता. राख त्याच्या खूप खालची, त्याच्याहून निदान दोनशे वर्षं जुनी. शास्त्रातलं सैन्य तिथे पोचायच्या कितीतरी आधीच ते शहर जळलेलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी वाडगा, तुकडा आणि वही त्याच्या टेबलावर ठेवली. त्याला तेव्हा नीट दिसत नसे. त्याने तुकडा हाताने चाचपून जागेवर बसवला, काढला, पुन्हा बसवला. मग म्हणाला, “वही वाच.”

मी वाचली.

“पुन्हा वाच.”

दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तो उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. वहिनी चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून कप ठेवून गेली. चहा तसाच राहिला.

प्राचार्य दुसऱ्या दिवशी आले. ते दादाचेच विद्यार्थी. मला आत्या म्हणत.

“सर, चौथं प्रकरण आहे तसंच राहू द्या. एक वाडगा! कोण तळघरात जाऊन खोकी उघडणार आहे?”

“आमच्या पेन्सिलने उघडली की.”

“आत्यांचं सोडा. शताब्दीला लोक येणार. या पुस्तकाने कितीकांचा विश्वास घट्ट झालाय, सर.”

“माझ्या वाडग्याच्या काठावर टेकलेला असेल तर तो विश्वास कलंडलेलाच बरा,” दादा म्हणाला. “अरे, तुला पहिल्या वर्षी काय शिकवलं होतं मी? वचनात नाही ते वचनाच्या तोंडी घालू नये.”

“मग कॉलेजला हे पुस्तक छापता येणार नाही, सर. विश्वस्त ऐकायचे नाहीत.”

“नका छापू.”

वहिनी आतून सगळं ऐकत होती. प्राचार्य गेल्यावर बाहेर येऊन म्हणाली, “अहो, जन्मभराचं एक पुस्तक तुमचं. तेही असं बुडवायचं?” मग तीच त्याच्याजवळ येऊन बसली.

भांडण झालं ते माझं आणि त्याचं. पुस्तक बाहेरून छापून घ्यायचं ठरलं होतं आणि चौथ्या प्रकरणाच्या जागी खुलाशाचं एक पान लिहायचं होतं. तो सांगत होता, मी लिहीत होते. ‘लेखकाकडून चूक झाली,’ असं त्याने सांगितलं आणि मी पेन खाली ठेवलं.

“चिठ्ठ्या मी अडकवल्या, दादा. माझं नाव घाल.”

“पुस्तक माझं आहे.”

“प्रत्येक आवृत्तीत ‘चित्रे: लेखकाची बहीण’ असं छापलंस. चित्रं माझी आणि चूक तेवढी तुझी? असली दया मला नको.”

“तुला लोक नावं ठेवतील.”

“या वयात ठेवून किती ठेवतील?”

“वन्संचं बरोबर आहे हो,” वहिनी म्हणाली. माझ्या बाजूने ती बोलल्याचं मला तरी हेच एक आठवतं.

शेवटी त्याने वाक्य बदललं: ‘उडालेल्या चिठ्ठ्या लेखकाच्या बहिणीने आठवणीवरून अडकवल्या. वही तपासणे हे लेखकाचे काम होते; ते त्याने केले नाही.’ वही न उघडणारी मीच होते, असं मी म्हणाले. तो म्हणाला, “तू माझं तोंड पाहून उघडली नाहीस. मी माझंच तोंड पाहून उघडली नाही. लिही.”

मी लिहिलं.

चौथ्या प्रकरणाशिवाय ती आवृत्ती एका लहानशा छापखान्यातून निघाली आणि फारशी कुणी घेतली नाही. शताब्दीच्या समारंभात दादाला मागच्या रांगेत खुर्ची मिळाली. काही जुने विद्यार्थी येऊन भेटले, काही लांबूनच गेले.

एका खेड्यातल्या पाळकाचं पत्र तेवढं आलं. त्यांनी लिहिलं होतं: मी वीस वर्षं तुमच्या वाडग्यावर उपदेश केला. आता मंडळीला काय सांगू?

दादाने मला कार्ड आणायला लावलं आणि उत्तर स्वतः, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: ‘शास्त्रात जेवढं आहे तेवढं सांगा. त्याची तारीख मला सापडलेली नाही, हेही सांगा.’ खाली सही केली आणि कार्ड माझ्यापुढे सरकवलं. मीही सही केली आणि जाऊन पेटीत टाकलं.